सापडले कुठे?

सोन्याच्या त्या उंच टोपीसमोर मी उभी होते तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, पायांत गोळे येऊ लागले होते आणि माझे डोळे टोपीकडे नसून तिच्या पाटीकडे लागलेले होते. ही माझी जुनी खोड आहे. संग्रहालयात शिरले की वस्तूच्या आधी मी तिची पाटी वाचते. आधी नाव, मग काळ, मग धातू किंवा दगड, आणि शेवटी ती ओळ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप असतो: वस्तू सापडली कुठे. या टोपीच्या बाबतीत नेमका तोच पत्ता नव्हता. सापडल्याचे ठिकाण अज्ञात. दक्षिण जर्मनी असावे किंवा स्वित्झर्लंड, एवढाच काय तो तर्क. जेमतेम अर्धा किलो सोने ठोकून पातळ पत्रा केलेला, त्यावर एकात एक वर्तुळांच्या मुद्रा उमटवलेल्या, सुमारे ७४ सेंटिमीटर उंची आणि वय तीन हजार वर्षांच्या आसपास. त्या वर्तुळांच्या ओळींत सूर्य आणि चंद्र यांच्या वर्षांचा मेळ घालणारे पंचांग दडले आहे, असेही काही अभ्यासक मानतात. म्हणजे टोपी ज्याच्या डोक्यावर होती त्याला आज तिथी कोणती हे ठाऊक असावे, आणि आपल्याला मात्र ती कोणत्या गावच्या मातीतून निघाली हेही ठाऊक नाही.

एका सत्रासाठी बर्लिनला शिकायला आलेल्या आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना प्राध्यापिकाबाईंनी एक मोकळा दिवस आणि एक कागद दिला होता. दिवसभरात इतिहासाची दोन संग्रहालये पाहायची, एकच वस्तू निवडायची आणि तिचे ३०० शब्दांत वर्णन लिहायचे. वर्णन करा, माहिती देऊ नका, असे त्यांनी बजावले होते आणि ‘वर्णन’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. माझ्यासारख्या पाटीवाचक मुलीला ही शिक्षाच होती. माझ्या सोबतीला जी मैत्रीण होती तिचे नेमके उलटे. ती पाटीकडे ढुंकूनही पाहत नसे; वस्तूपुढे उभी राहायची, फोटो काढायची आणि पुढच्या दालनात जायची. मी तिला गाठेपर्यंत ती बाकावर बसून पाय चेपत असायची.

पाट्यांचा हा नाद मला लागला तो एका बुटाच्या खोक्यामुळे. आठ-नऊ वर्षांची असताना मी त्या खोक्यात संग्रहालय काढले होते. पुठ्ठ्याचे कप्पे, त्यांत चष्म्याची एक तडकलेली काच, एक पीस, अक्षरे झिजलेले एक नाणे, मध्येच पांढरी रेघ असलेला एक गोटा आणि एक पितळी किल्ली. प्रत्येक वस्तूखाली वहीच्या कागदाची बोटभर चिठ्ठी डकवलेली होती. किल्लीच्या चिठ्ठीवर लिहिले होते, “किल्ली. कुलूप माहीत नाही. सापडली: कपाटामागे.” प्रवेश सर्वांना खुला होता, मात्र हात लावायला बंदी होती. पहिल्याच दिवशी आजी आली, तिने डोळे बारीक करून खोक्यात पाहिले आणि म्हणाली, “अगं, ही तर माझ्या ट्रंकेची! वर्षभर शोधतेय मी.” आणि संग्रहालयाचे सर्व नियम धाब्यावर बसवून ती किल्ली घेऊन गेली. मी रडले, भांडले, सापडली मला म्हणून माझी, असा दावाही करून पाहिला. आजीने तो हसून फेटाळला. शेवटी रिकाम्या कप्प्याखालची जुनी चिठ्ठी काढून मी नवी डकवली: “किल्ली. सध्या आजीकडे.” पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या खोक्यातला हाच कप्पा सर्वांत जास्त आवडायचा.

ही चिठ्ठी मला त्या सकाळीच आठवली होती. टोपी आहे त्या नॉयस म्युझियममध्ये, खालच्या मजल्यावर, होमरच्या महाकाव्यातल्या ट्रॉय या नगरीच्या उत्खननाचे दालन आहे. उत्खनन करणाऱ्या हाइनरिश श्लीमान याला १८७३ मध्ये तिथे दागिन्यांचा मोठा साठा मिळाला आणि त्याने उत्साहाच्या भरात त्याला त्या महाकाव्यातल्या ट्रॉयच्या राजाचा, म्हणजे प्रायमचा खजिना असे नाव देऊन टाकले. पुढे कळले की ज्या थरात तो मिळाला तो थर प्रायमच्या कथेच्या काळाहून हजारभर वर्षे जुना आहे. पाटी चुकली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. काचेआड आज दिसतात ते सोन्याचे दागिने नकला आहेत. मूळ दागिने १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने मॉस्कोला नेले, कित्येक दशके त्यांचा थांगपत्ता लागू दिला नाही, आणि १९९६ मध्ये तिथल्या पुश्किन संग्रहालयात ते उघडपणे मांडले. नकलांसमोर उभी राहून मी मनात म्हटले, खजिना, सध्या आजीकडे. आणि एकटीच हसले. कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याने माझ्याकडे संशयाने पाहिले.

ही इमारतही मोठी विलक्षण आहे. १८५५ मध्ये पुरी झाली, दुसऱ्या महायुद्धात बाँबखाली सापडली आणि कित्येक दशके भग्नावस्थेत पडून होती. डेव्हिड चिपरफील्ड या वास्तुरचनाकाराने ती पुन्हा उभी केली, २००९ मध्ये ती उघडली, पण जखमा त्याने लिंपून टाकल्या नाहीत. अर्धवट पुसलेली भिंतचित्रे, उघड्या विटा, टवके उडालेले खांब तसेच राहू दिले. मी एका खांबावरचे खळगे बराच वेळ पाहत राहिले आणि मग सवयीने त्याची पाटी शोधू लागले. पाटी नव्हती. पाटी नसलेल्या वस्तूकडे पाहताना मला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

नेफर्टिटीच्या दालनात मात्र दोघींचीही पंचाईत झाली, कारण तिथे फोटो काढायला मनाई आहे. प्राचीन इजिप्तच्या या राणीचा रंगवलेला अर्धपुतळा घुमटाखाली, काचेच्या पेटीत एकटाच असतो. डाव्या डोळ्यात बुबुळ नाही, हे जवळ गेल्यावरच लक्षात येते. आणि एकदा लक्षात आले की त्याच डोळ्याकडे पुन्हा पुन्हा पाहिले जाते. ६ डिसेंबर १९१२ रोजी इजिप्तमधल्या अमार्ना येथे थुतमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत ती मिळाली. म्हणजे हिची शेवटची ओळ अगदी खोलीपर्यंत ठाऊक आहे, आणि तरीही ती कोणाची, यावरून इजिप्त आणि जर्मनी यांच्यात जवळजवळ शंभर वर्षे वाद चालू आहे. उत्खननप्रमुख लुडविग बोर्शार्ट याने तेव्हा रोजनिशीत लिहून ठेवले होते, वर्णन करून उपयोग नाही, पाहायलाच हवे. खिशातला बाईंचा कागद मला त्या क्षणी फार जड वाटला. मैत्रीण फोन हातात नसल्यामुळे अवघडून उभी होती, मी पाटी वाचून संपल्यामुळे. दहा मिनिटे आम्ही दोघींनी नुसते पाहिले. त्या दिवसातले एवढेच पाहणे आमच्या दोघींचे मिळून होते.

दुपारी आम्ही यू-५ ही भुयारी गाडी धरली. नॉयस म्युझियम ज्या बेटावर आहे त्याचेच ‘संग्रहालय बेट’ हे नाव असलेल्या स्थानकाच्या फलाटावर आणि रुळांवर गडद निळे छत आहे आणि त्यात दिव्यांच्या चांदण्या आहेत; बेटावरचे सर्वांत जुने संग्रहालय बांधणाऱ्या शिंकेल या वास्तुरचनाकाराने १८१६ मध्ये एका ऑपेरासाठी काढलेल्या आकाशावरून ती कल्पना घेतली आहे. तीच गाडी पूर्वेला माग्दालेनेनश्ट्रासे स्थानकावर नेते. वर आले की सरकारी कचेरीसारख्या दिसणाऱ्या राखाडी इमारती लागतात आणि त्या खरोखरच सरकारी कचेऱ्या होत्या. पूर्व जर्मनीचे राज्य सुरक्षा मंत्रालय, म्हणजे श्टाझी या नावाने ओळखले जाणारे गुप्त पोलीस खाते, इथे होते. १५ जानेवारी १९९० रोजी जमाव आत घुसला आणि त्याच वर्षी इथे संग्रहालय झाले. १९५७ ते १९८९ अशी ३२ वर्षे मंत्री असलेल्या एरिश मील्के याचे दालन होते तसे ठेवले आहे: लाकडी भिंती, टेबल, टेलिफोन. आणि एक कार्ड. मंत्रिमहोदयांची न्याहारी टेबलावर कशी मांडायची, कोणता पदार्थ कोणत्या जागी ठेवायचा, हे त्यावर आकृती काढून दाखवले आहे.

मी त्या कार्डासमोर थबकले. इतकी वर्षे वस्तूंच्या पाट्या वाचल्या, आणि इथे मांडलेली वस्तूच पाटी होती. ज्या माणसाच्या खात्याने संशयितांच्या अंगाचा वास फडक्यात टिपून काचेच्या बरण्यांत बंद करून ठेवला, त्याच्या अंड्यांनाही ठरलेली जागा होती. श्टाझीने मागे ठेवलेली कागदपत्रे एका रांगेत उभी केली तर सुमारे १११ किलोमीटर भरतात. कोण कोणाला भेटले, किती वाजता, कोणत्या दाराने बाहेर पडले, टोपी घातली होती की नव्हती. माझ्याच खोडीचे सरकारी खाते. इथे शेवटची ओळ कधी रिकामी सोडलेली नव्हती. शेजारी एक वयस्कर गृहस्थ हातात टोपी धरून ते कार्ड वाचत होते. त्यांनी ते दोनदा वाचले, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या खोलीत न जाता आल्या वाटेने खाली उतरले. मीही नंतर फारसे काही वाचले नाही.

रात्री ३०० शब्द लिहायला बसले. वस्तू म्हणून मी सोन्याची टोपीच निवडली होती. वजन, उंची, काळ, खरेदीचे वर्ष १९९६, ठिकाण अज्ञात, हे सगळे एका दमात उतरले आणि ते सगळे बाईंनी नको म्हटले होते. टोपीला खाली काठ होता की नव्हता, हे काही केल्या आठवेना. वर्तुळे आठवत होती, पण टोकावर काय होते? शेवटी मैत्रिणीचे दार वाजवले आणि फोटो मागितला. फोटो सुरेख आला होता. काठ होता, टोकाला चांदणी होती, काचेत माझी सावलीही पडली होती, मान एका बाजूला वळवून वाचत असलेली. पाटी मात्र चौकटीबाहेर कापली गेली होती, आणि मैत्रीण विचारत होती, “हे नेमकं कुठे सापडलं होतं गं?”