उतारावर गिअरातच

रविवार, रात्री साडेनऊ

घरात चालतानाही उजवा पाय हलकाच पडतोय. दिवसभर अंगठ्याखाली अंडं ठेवल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, त्याची सवय अजून गेलेली नाही.

आज आमची अ‍ॅव्हरेजची स्पर्धा झाली. सहा गाड्या, वारजे ते वाई आणि परत. पहिला येईल त्याचा नाश्ता बाकीच्यांकडून, एवढंच बक्षीस. प्रत्येक गाडीत दुसऱ्या गाडीतला एक माणूस साक्षीला. वाऱ्याच्या आडोशासाठी ट्रकच्या मागे चिकटायचं नाही, न्यूट्रल नाही, इंजिन बंद नाही, आणि चार तासांत परत यायचं, म्हणजे कोणी रांगत जाणार नाही.

गाड्या वेगवेगळ्या, म्हणून नुसतं लिटरला किती ते धरलं नाही. एआरएआय, म्हणजे गाड्या तपासणारी संस्था, प्रत्येक मॉडेलच्या अ‍ॅव्हरेजचा जो आकडा देते, त्याच्या किती टक्के, ते धरलं. माझ्या 2012 च्या स्विफ्टचा तो आकडा 18.6. ही संस्था आपल्याच पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची, याचं मला उगीच कौतुक वाटतं.

खरी परीक्षा पंपावरच असते. तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच जागी उभी, आणि पहिला ऑटो कट झाला, म्हणजे टाकी भरून नोझल आपोआप बंद पडलं, की थांबायचं. पंपावरच्या मुलाने सवयीने विचारलं, "ताई, राऊंड फिगर करू?" सहाही जण एका आवाजात "नको!" म्हणालो. पुढे जेमतेम सात-आठ लिटर जाळायचे असतात, त्यात वरून अर्धा लिटर जास्त गेलं तर सगळा हिशोबच कोसळतो.

जाताना डाव्या लेनमध्ये पासष्टला सुई धरून ठेवली. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेपासून माहीत होतं. पण नव्वदच्या गाड्या शेजारून जात असताना ते पाळणं जड जातं. खंबाटकीला मात्र बरं वाटलं. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय न हलवता, पुढच्या वळणावरचा ट्रक लांबूनच हेरून चढले. एकदाही क्लच अर्धा धरावा लागला नाही.

वाईला गणपतीच्या घाटाजवळ चहा घेतला आणि पाच मिनिटं घरी डोकावले. अप्पा चपला घालून खाली आले, चारही टायरांना हात लावून बघितलं, "हवा ठीक आहे," म्हणाले, आणि वर गेले. उभी हयात एसटीत ड्रायव्हर. त्यांच्याकडे लिटरचा हिशोब नव्हताच, केपीटीएल असायचा, दहा लिटरमागे किती किलोमीटर. लहानपणी जेवताना तो आकडा ऐकायचो, बाकीच्या घरांत मार्क ऐकतात तसा.

येताना कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलाचा उतार लागला. डिझेल वाचवायला ट्रकवाले इथे न्यूट्रल करतात, ब्रेक तापतात, मग लागत नाहीत. 2022 च्या नोव्हेंबरात एका अवजड गाडीने इथेच 40 हून जास्त गाड्या ठोकल्या होत्या. आमचा न्यूट्रलचा नियम या उतारासाठीच आहे, आणि तो मीच हट्टाने घालायला लावला. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या गाडीत गिअर असताना पाय काढला की पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायलाच पेट्रोल लागतं. हलक्या उतारावर न्यूट्रलला गाडी लांब घरंगळते हे खरं, पण त्या चार थेंबांसाठी पुढच्या रिक्षातली माणसं पणाला लावायची नाहीत. तिसरा टाकला, पाय काढला. इंजिन गुरगुरत गाडी आपोआप धरली गेली. साक्षीला बसलेले काका म्हणाले, "असं उतरलं की झोप येते बघ." इतकं शांत.

164 किलोमीटर, 7.31 लिटर. लिटरला 22.4, म्हणजे 120 टक्के. आणि हे ई20 पेट्रोलवर, ज्यात पाचवा हिस्सा इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने ऊर्जा कमी. दुसरा नंबर आला. पहिला एका जुन्या आल्टोचा, चालवणाऱ्या वहिनी पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांचा पाय बघायला पुढच्या वेळी साक्षीला मी त्यांच्याच गाडीत बसणार.

रात्री अप्पांना फोन करून आकडा सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले, मग विचारलं, "बोगद्यापासून खाली ब्रेक किती वेळा लावलास?"

मी मोजले नव्हते.

"मोजत जा," म्हणाले.