शेजारचा डबा

आमच्या घरी नाताळची चाहूल दिवाळीतच लागते, शेजारच्या काकूंच्या डब्यातून. चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू आणि तळाशी मोडलेल्या दोन करंज्या. डबा स्टीलचा, झाकणावर काकूंच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. फराळ चार दिवसांत फस्त होतो. डबा मात्र घासूनपुसून फ्रीजवर जाऊन बसतो, तो थेट पंचवीस डिसेंबरपर्यंत. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्या धर्मांना मान्य आहे. एकदा मी त्यात तूरडाळ भरली तर आई केवढ्यांदा ओरडली, "अगं, लोकाचा डबा हाय त्यो!"

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आजही इथं आहे. साहेबांनी बायबल आणलं. करंजीत काय भरायचं ते मात्र आमच्या आज्या-पणज्यांनीच ठरवलं. त्यामुळं नाताळलाही तेच सुकं खोबरं, तीच खसखस. केक हा पाहुणा. त्याच्यापेक्षा मला नानकटाईचा थाट मोठा वाटतो. मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, गोळे पत्र्याच्या ट्रेवर मांडायचे आणि भट्टीपाशी उभं राहून आपल्या ट्रेवर डोळा ठेवायचा. नाहीतर दुसऱ्याच्या करपलेल्या नानकटाया आपल्या पिशवीत येतात. हा अनुभव आहे, संशय नव्हे.

चोवीसच्या रात्री चर्चच्या मंडळीतली पोरं गाणी म्हणत घरोघर फिरतात. पेटी, ढोलकी, झांजा आणि बसलेले गळे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं लागली की गल्लीतले आजोबाही ओट्यावर येऊन मान डोलावतात. चाल त्यांच्या भजनातलीच वाटते ना! प्रत्येक घरी चहा. सातव्या घरी चहाला नको म्हणण्याचं धैर्य कुणाकडेच नसतं.

सकाळी उपासनेला नव्या साड्यांची सळसळ. पाळकांचा उपदेश रंगात आला की मागच्या बाकावर आत्या घड्याळ बघते. तिचं लक्ष देवाकडेच असतं, पण मटण कुकरला लावून आलेली असते. पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध अजून काढायचं असतं.

जेवणं उरकली की डबा भरायचा. यंदा करंज्या नि नानकटायांनीच तो गच्च झाला, केकला जागा उरेना. मग आईनं केकसाठी आमचा निळ्या झाकणाचा डबा काढला. काकूंनी दारातच करंजी मोडून तोंडात टाकली. "वेलदोडा जास्त झालाय गं," म्हणाल्या आणि दुसरी घेतली.

निळ्या झाकणाचा डबा आता त्यांच्या फ्रीजवर आहे. संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन येईल.