कधीच न ओढलेली सिगारेट

आमच्या घरी मी सिगारेट ओढत नाही. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं ओढत नाही. कॉलेजात असताना ओढायला लागलो, तेव्हापासूनच ओढत नाही. त्यामुळे सोडायचं मनावर घेतलं तेव्हा पहिली अडचण अशी आली, की जी गोष्ट आपण करतच नाही ती सोडली म्हणून सांगायचं कुणाला?

बायकोला माहीत आहे. लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं आणि "सोडशील हळूहळू" म्हणून तिनेही ते मोठ्या मनाने घेतलं होतं. 'हळूहळू' हा शब्द मी फारच मनावर घेतला, एवढंच. बाबांना कळलं असावं, पण ते कधी काही बोलले नाहीत. राहिली आई. वडीलधाऱ्यांसमोर ओढायची नाही हा नियम आमच्याकडे कुळाचारासारखा पाळतात. साताऱ्याकडे गावी लग्न असलं की मांडवामागे तीन ठिकाणी धूर निघतो. चुलत्यांचा कोपरा वेगळा, आमचा वेगळा आणि पोरांचा जनरेटरमागे. कुणी कुणाच्या कोपऱ्यात डोकावत नाही. चुकून समोरासमोर आलेच, तर पुतण्या हात पाठीमागे घेतो आणि काका आभाळाकडे बघत "पाऊस येतोय वाटतं" म्हणतात. मे महिन्यात.

हे नसणं टिकवायला मेहनत लागते. संध्याकाळी डोंबिवलीला उतरल्यावर फडके रोड संपेपर्यंत वेलदोडा चावायचा, सालासकट. शर्ट धुवायला टाकण्याआधी खिशाची शिवण उलटी करून तंबाखूचा भुगा झटकायचा. आंघोळीला जाताना पिळून झालेल्या लिंबाची फोड घेऊन जायची आणि तर्जनी-मधल्या बोटावरचा पिवळा डाग घासायचा. तो कधीच पूर्ण जात नाही, हळदीचा म्हणून खपून जातो. यातला सगळ्यात कठीण प्रसंग म्हणजे लाइट जाणं. घरभर काळोख, आई देवघरापाशी चाचपडत "अरे काडेपेटी कुठंय" म्हणून विचारतेय, बायको स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतेय, आणि माझ्या विजारीच्या खिशात चालू लायटर. मीही त्यांच्याबरोबर काडेपेटी शोधायचो. मनापासून शोधायचो.

सुरुवात कशी झाली याला काही खास कथा नाही. सगळ्यांची होते तशीच झाली. 1996 चा क्रिकेटचा विश्वचषकच मुळी सिगारेटच्या नावाने भरला होता आणि आपल्या खेळाडूंच्या छातीवर तेच नाव होतं. त्या वयात आणखी कुणी फूस लावायची गरज नव्हती.

सोडावीशी का वाटली, तर स्टेशनचा पूल. जिना चढताना मधल्या टप्प्यावर थांबून फोन आल्याचं नाटक करावं लागायला लागलं. त्यात कुठेतरी रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकाच्या कामाबद्दल वाचलं. डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी 1950 साली लंडनच्या इस्पितळांतल्या रुग्णांकडे चौकशी करून फुप्फुसाच्या कर्करोगाचं बोट सिगारेटकडे वळवलं. त्या कामात हाती आलेलं पाहूनच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली. मग 1951 पासून त्यांनी हजारो ब्रिटिश डॉक्टरांचा पिच्छा पुरवला, तो पन्नास वर्षं. 2004 साली आलेला हिशेब असा, की तिशीला सोडली तर गमावली असती अशी साधारण दहा वर्षं परत मिळतात, चाळिशीला नऊ, पन्नाशीला सहा, साठीला तीन. मी तेव्हा चाळीस आणि पन्नासच्या मध्ये कुठेतरी होतो. आम्ही मूळचे हिशेबी. दर वर्षी थोडंथोडं मुद्दल बुडतंय हे दिसल्यावर मात्र झोप उडाली.

मग पाकिटावरच्या नंबरावर फोन केला. 2018 पासून पाकिटावर 1800-11-2356 हा मोफत नंबर छापलेला असतो. पण मुळात पाकीट कधी हातात आलंय? आम्ही आयुष्यभर सुटी घेणारे. टपरीवाला उघड्या पाकिटातून एक काढून देतो, त्यामुळे पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारं ते भयानक चित्र त्याच्याच बाजूला राहतं. महाराष्ट्र सरकारने 2020 साली सुटी विक्री बंद केली, ती यासाठीच. आमच्या टपरीपर्यंत तो हुकूम अजून यायचाय. त्या दिवशी मी टपरीवाल्याला म्हटलं, "जरा पाकीट दाखव." तो म्हणाला, "पूर्ण घेताय? पगार झाला वाटतं."

फोनवरची बाई फार चांगली बोलली. तारीख ठरवा, घरातले ॲशट्रे, लायटर टाकून द्या, तलफ आली की पाणी प्या, ती काही मिनिटांत ओसरते. मग म्हणाली, "आणि घरच्यांना सगळ्यांना सांगा. त्यांची मदत खूप होते." मी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवरून बोलत होतो, कारण घरून बोलता येत नव्हतं. हे तिला सांगितलं नाही.

निकोटिन झुरक्यासरशी दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत अर्ध्यावर येतं. म्हणून ते दर दोन तासांनी खाली बोलावतं. बंद केलं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, पुढे तीन-चार आठवड्यांत शरीर निवळतं. हे सगळं वाचून होतं. पण ही लक्षणं घरात, आईच्या देखत निघणार होती, आणि आमच्या आईकडे प्रत्येक लक्षणाला कारण तयार असतं.

तोंड आलं. सिगारेट सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच जणांचं येतं. आई म्हणाली, उष्णता. सकाळी सब्जा, रात्री गुलकंद. चिडचिड व्हायला लागली, तीही उष्णताच. सब्जा दोन वेळा. झोप लागेना, तो मोबाइल. खोकला उलट वाढला. फुप्फुसातल्या बारीक केसांना पुन्हा जाग आली की ते साचलेलं बाहेर ढकलायला लागतात, म्हणजे ही खरं तर शुभवार्ता. पण आईच्या मते तो फ्रिजमधल्या पाण्याचा. भूक वाढून पोट सुटलं, त्यावर मात्र ती खूश होती. "आत्ता कुठं अंगाला लागतंय."

सगळ्यात बिकट प्रकरण सकाळचं. वर्षानुवर्षं आमच्या घरचं दूध मी आणतो. पिशवी घेऊन खाली उतरायचं, कोपऱ्यावर एक ओढायची, दूध घ्यायचं, वेलदोडा, आणि घरी आल्या आल्या थेट संडास. निकोटिन आतड्यांना ढोसतं आणि आतडी ते लक्षात ठेवतात. ते ढोसणं थांबल्यावर त्यांनी संपच पुकारला. पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचून व्हायचा, काम शून्य. चौथ्या दिवशी आईने दाराबाहेरून विचारलं, "ओव्याचं पाणी देऊ का?" मग इसबगोल आला, कोमट पाणी आलं, रात्रीची पपई आली. व्यसनमुक्तीच्या पुस्तिकांत या विषयाला एखादी ओळ असते. एक अख्खं प्रकरण हवं.

चहानेही दगा दिला. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकालात काढतं. धूर थांबला की यकृतही निवांत होतं, आणि रोजचाच तेवढा चहा जास्त चढतो. छातीत धडधड, हाताला कंप. मला वाटलं, ही तलफच. म्हणून तलफ मारायला आणखी एक कटिंग. हे कळेपर्यंत बरीच उकळी फुकट गेली. आता चारचा चहा अर्धाच घेतो.

शेवटी निकोटिनचं च्युइंगगम आणलं. दोन मिलिग्रॅमचं. ते च्युइंगगमसारखं चघळायचं नसतं. चार-दोनदा चावायचं, जीभ चरचरली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे धरून ठेवायचं. निकोटिन तिथल्या कातडीतून मुरतं. चरचर कमी झाली की पुन्हा चावायचं. चहावर लगेच घ्यायचं नाही, नाहीतर नीट मुरत नाही. रविवारी सकाळी मी ते धरून पेपर वाचत बसलो होतो. आई समोर मेथी निवडत होती.

इथे आईबद्दल सांगायला हवं. आई मशेरी लावते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून डबीत भरायची आणि बोटाने दाता-हिरड्यांवर घासायची. लहानपणी आमच्या चाळीत दुपारी तो ठसकणारा वास सुटायचा आणि आम्ही पोरं खोकत गॅलरीत पळायचो. आता तव्यावर भाजणं बंद झालंय, डबी तयार मिळते. पण सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा आणि 'दाढ ठणकतेय' म्हणून संध्याकाळी एकदा, हे चालूच आहे. ते व्यसन नाही. ते दात घासणं आहे. दिवसातून तीनदा दात घासणारी इतकी स्वच्छ बाई आमच्या सोसायटीत दुसरी नसेल.

तर मेथीची काडी मोडता मोडता ती म्हणाली, "गालात काय धरलंयस रं?"

"औषध. दाढ दुखतेय."

तिने मान वर करून माझ्या जबड्याकडे नीट पाहिलं. मी त्याच वेळी दोनदा चावून थांबलो.

"दाढदुखीचं औषध असं चावून थांबवत नाहीत. ही तंबाखू धरायची तऱ्हा झाली. मला शिकवतोस?"

मी काही बोलायच्या आत तिने पुढची जुडी सोडवायला घेतली. "म्हंजे सुटली का?"

"काय?"

"दूध आणायला जायचास ती."

बायको आतून हसल्याचा आवाज आला. मी "हो" म्हटलं. आईने पाला वेगळा केला, मुळं कागदावर ठेवली आणि जरा विचार करून म्हणाली, "तरीच. सब्जानं गुण कसा येईना म्हणत होते."

त्याच बैठकीत मी तिच्या मशेरीचा विषय काढून पाहिला. हिरड्यांचं काय होतं, तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध कसा आहे, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी कुठं काय ओढते?" आणि मेथी धुवायला उठली. त्यानंतर डबी खिडकीतून उठून तिच्या कपाटात, साड्यांच्या मागे गेली आहे. आता दुपारी ती मोरीत जरा जास्त वेळ असते आणि बाहेर आल्यावर बडीशेप खाते. मी काही विचारत नाही.

लोकांना वाटतं की सोडल्यावर टपरी टाळावी. पुस्तिकेतही तसंच लिहिलंय. पण वागळे इस्टेटच्या त्या टपरीवर मी इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर उभा राहिलो, त्यांना मी तिथल्याशिवाय कुठेच भेटत नाही. शेजारच्या कारखान्यातला एक फोरमन, समोरच्या बँकेतला एक जण, एक कुरिअरवाला. आडनावं माहीत नाहीत. फोरमनच्या मुलीचं सीईटीचं काय झालं हे मात्र मला तिच्या मामाच्या आधी कळलं होतं. शिवाय माझी सिगारेट खरोखर अस्तित्वात होती ती फक्त याच लोकांसमोर, तेव्हा ती गेल्याचं कौतुक करायलाही हेच. केलंही त्यांनी. कुरिअरवाल्याने हातात हात घेतला, म्हणाला, "साहेब, लई भारी. या आनंदात एक होऊन जाऊ द्या."

टपरीच्या खांबाला अजून तो सुंभ लटकलेला असतो, टोकाला निखारा धरून. लायटर आले, इतर सगळं बदललं, तो आहे. जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते जवळ उभं राहून बघितलं तर तंतोतंत खरं आहे; राखेचीसुद्धा वेटोळी तशीच असतात, हात लावेपर्यंत.

चार वाजता मी खाली उतरतो. अर्धा चहा, एक लिमलेटची गोळी. माणसं सभ्य आहेत. मी आलो की तोंड फिरवून धूर पलीकडे सोडतात, फोरमन तर चक्क दोन पावलं मागे सरकतो. मी त्याला म्हणतो, अरे असू दे, मला काही होत नाही. आणि वारा माझ्या बाजूचा असला, तर मी जागा बदलत नाही.