ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट नव्हे

ट्यूबवर, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा बेस गिटारचा अ‍ॅम्प सांभाळणं फारसं कठीण नाही. कठीण आहे ते कुरिअर कंपनीला 'ट्यूब' म्हणजे काय ते पटवणं.

माझ्याकडे सत्तरच्या दशकातलं फेंडर बॅसमन ५० हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आहे. आतेभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला, तेव्हा त्याच्या सामानातून आलं. हेड १२० व्होल्टचं, आपली लाइन २३० ची. म्हणून बुधवार पेठेतून ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला आणि घरचं अर्थिंग तपासून घेतलं. दुरुस्तीवाल्या काकांनी जुने फिल्टर कपॅसिटर बदलले. सगळं आठवड्याभरात उरकलं. मग एका संध्याकाळी वाजवता वाजवता पॉवरच्या दोन ट्यूबपैकी (प्रकार ६एल६जीसी) एकीची प्लेट, म्हणजे आतला धातूचा पत्रा, लालबुंद झाली. काकांना फोन केला, तर पलीकडून एकच शब्द, "बंद कर!" मग म्हणाले, "जोडीच मागव, मॅच केलेली, म्हणजे दोघी सारखाच करंट ओढणाऱ्या. एकटी बदलू नकोस."

युरोपातल्या एका दुकानातून जोडी मागवली. पार्सल चार दिवसांत मुंबईत पोचलं आणि तिथल्या कस्टम्समध्येच ठाण मांडून बसलं.

पाचव्या दिवशी कुरिअरचा फोन आला. "सर, इनव्हॉइसवर ट्यूब लिहिलंय. लाइटिंगचा माल आहे, बीआयएस सर्टिफिकेट लागेल."

"मॅडम, ही ट्यूबलाइट नाही. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये बसते."

"पण पेटते ना?"

आता काय सांगणार? आतली तार तांबूस पेटते खरी. मी "हो, पण..." म्हटलं आणि तिथेच फसलो.

शहाणपणा करून मेलमध्ये ट्यूबचं दुसरं नाव, 'व्हॉल्व्ह', असं लिहिलं. तीन दिवसांनी उलट प्रश्न आला: कुठल्या पाइपलाइनला लागतो, किती प्रेशरचा आहे? नंतर फोटो पाठवले, डेटाशीट पाठवली, दुकानाकडून पत्र आणलं. आधार आणि पॅन तीनदा अपलोड केलं, कारण दर वेळी नवा माणूस आणि नवी लिंक. मधल्या काळात एक कार्यक्रम उसन्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर मारून नेला. शेवटी एका भल्या माणसाने फोनवर शांतपणे विचारलं, "थर्मिऑनिक व्हॉल्व्ह का? ८५४०?" ट्यूबचं शास्त्रीय नाव आणि तिचा कस्टम्सचा कोड, दोन्ही बरोबर! मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. दोन दिवसांत माल सुटला. एकूण २३ दिवस, वर गोदामाचं भाडंही माझ्याच माथी. खोक्यावर कुणीतरी निळ्या पेनाने 'काच, लॅम्प' लिहून ठेवलं होतं.

तेव्हा मागवण्याआधीच विक्रेत्याला सांगा: इनव्हॉइसवर 'ऑडिओ अ‍ॅम्पसाठी थर्मिऑनिक व्हॉल्व्ह' असं पूर्ण लिही आणि ८५४० हा आकडा घाल. नुसतं 'ट्यूब' नको.

जोडी हातात आली तरी काकांनी लगेच लावू दिली नाही. आधी बायसचा (ट्यूबमधून किती करंट वाहील ते ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) पुरवठा आणि कपलिंग कपॅसिटर तपासले. दोष तिथे असता तर नवी जोडीही तशीच लाल झाली असती. मग बायस. प्लेटवर ४४० व्होल्ट निघाले. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट, तिचे ७० टक्के म्हणजे २१, भागिले ४४०, म्हणजे साधारण ४८ मिलिअ‍ॅम्पिअर ही एका ट्यूबच्या करंटची वरची हद्द. काकांनी ३८ वर थांबवलं. मला आणखी थोडं वर हवं होतं, पण २३ दिवस आठवले आणि गप्प बसलो. हे काम घरी करू नका. वायर काढून ठेवली तरी कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार उरतो. काका मोजताना एक हात खिशात ठेवतात, ते उगाच नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. माझ्या हेडला ४ ओहम लागतात, म्हणून ८ ओहमचे दोन कॅबिनेट (स्पीकरची खोकी) समांतर जोडलेत. आणि मधली वायर स्पीकरचीच हवी. गिटारची शील्डेड वायर तिथे चालत नाही, मी दोन महिने तीच वापरत होतो.

आता एक जादा जोडी मागवतोय. या वेळी इनव्हॉइसचा मजकूर मीच लिहून दुकानाला पाठवलाय.