टक्के कशावर?

बारावी वाणिज्यच्या पहिल्या चाचणीत एक सोपा प्रश्न होता. 100 रुपयांना घेतलेला माल 125 ला विकला, तर ढोबळ नफ्याचे प्रमाण किती? मी 25 टक्के लिहिले. पेपर परत मिळाला तेव्हा त्यावर लाल शाईत एकच शब्द होता : 'कशावर?'

मी किराणा दुकानदाराची मुलगी. अण्णांना पावकी, निमकी, सवायकीचे पाढे तोंडपाठ. शंभराचे सव्वाशे आले की पंचवीस सुटले, हे गल्ल्याशेजारी बसून लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे मी बीकेच्या, म्हणजे बुक-कीपिंगच्या, सरांकडे वाद घालायलाच गेले. सर रागावले नाहीत. "अण्णा बरोबर आहेत, ते खरेदीवर बोलतात. हे प्रमाण विक्रीवर काढतात. पंचवीसला सव्वाशेने भाग." उत्तर आले 20 टक्के. मग त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले : खरेदीवर चौथा हिस्सा तर विक्रीवर पाचवा, खरेदीवर तिसरा तर विक्रीवर चौथा. छेदात एक मिळवायचा. नुसते पाठ करू नका, दर वेळी करून पाहा, असे मात्र त्यांनी बजावले. आणि मला सांगितले, "घरचे दुकान आहे ना? एका महिन्याचे व्यापार खाते मांडून आण."

पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही माल मोजला. गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, डाळींची पोती. महिनाअखेरीस पुन्हा तेच. आरंभीचा साठा 30,000, खरेदी 46,500, अखेरचा साठा 32,500. म्हणजे 44,000 चा माल गेला आणि विक्री होती 50,000. ढोबळ नफा 6,000, म्हणजे 12 टक्के. अण्णांना ते पटेना. साखरेत फार सुटत नाही, पण मसाल्यात, सुक्या मेव्यात सुटते. एवढा कमी नफा असणारच नाही, असे त्यांचे म्हणणे.

वही बघायला सर स्वतः दुकानात आले. चहा घेता घेता त्यांनी विचारले, "अण्णा, घरातले तेल-साखर कुठून येते?"

अण्णा गप्प झाले. आतून आई म्हणाली, "दुकानातूनच की!"

आईने बोटांवर मोजून महिन्याचे सामान सांगितले, सरांनी खरेदीच्या भावाने किंमत मांडली : 1,300. ही उचल, ती खरेदीतून वजा करायची. नफा 7,300 झाला, प्रमाण 14.6. भाडे, वीज आणि पोऱ्याचा पगार मिळून 3,000 वजा जाता निव्वळ नफा 4,300 उरला, 8.6 टक्के. त्यात अण्णांच्या पहाटेपासूनच्या राबण्याचा पगार कुठेच नव्हता. मी विचारले, तेव्हा सर म्हणाले की एकट्या मालकाच्या खात्यात त्याचा स्वतःचा पगार खर्च म्हणून धरत नाहीत. मला ते तेव्हा अन्यायाचे वाटले होते, आजही थोडे वाटते.

बोर्डाच्या परीक्षेत प्रमाणांचा प्रश्न आला आणि पूर्ण सुटला. पण मला आठवते ते वेगळेच. सर गेले त्याच संध्याकाळी अण्णांनी एक शंभर पानी वही सुतळीला बांधून घर आणि दुकानामधल्या दाराला अडकवली. आईने त्यात पहिली ओळ लिहिली : शेंगदाणे, अर्धा किलो.