तीन वर्षं वकिली केली, पण ती कागदावर कुठे होती?

"मॅडम, तुमची प्रॅक्टिस दोनच वर्षांची दिसतेय." वकिलीच्या अनुभवाचं प्रमाणपत्र हातात येऊन दोन महिने झाले, तरी हे वाक्य डोक्यातून जात नाही. तीन वर्षं मी रोज त्याच न्यायालयाच्या आवारात उभी होते. हे वाक्य म्हणणाऱ्या टेबलावरच्या माणसानेही मला शेकडो वेळा पाहिलं होतं.

मला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर ही परीक्षा द्यायची आहे. पूर्वी नव्या पदवीधरांनाही ती देता यायची. २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या खटल्यात निकाल दिला आणि किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. माझ्या बॅचच्या कितीतरी मुली त्या दिवशी रडल्या. मला मात्र बरं वाटलं, कारण माझी तीन वर्षं ऑगस्टमध्ये पूर्ण होत होती. जाहिरात आल्यावर धावाधाव नको म्हणून प्रमाणपत्र आधीच काढून ठेवायचं ठरवलं.

सनद, म्हणजे वकील म्हणून तात्पुरती नोंदणी, मला ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली, त्यानंतर द्यावी लागणारी बारची परीक्षा ५ फेब्रुवारी २०२३ ला दिली. त्यात काही अडलं नाही.

निकालाप्रमाणे प्रमाणपत्राचे दोन मार्ग आहेत. त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने द्यायचं, किंवा त्याच न्यायालयात किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने द्यायचं आणि जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने त्यावर पृष्ठांकन, म्हणजे मान्यतेची सही-शिक्का, करायचं. ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या आमच्या सरांची बावीस वर्षं झालीत. त्यांनी अर्ध्या तासात लिहून, सही करून दिलं. मला वाटलं, आता फक्त शिक्का राहिला.

त्या शिक्क्याला अडीच महिने लागले.

पहिला आक्षेप तारखेचा. कार्यालयात माझी वकिली बारच्या परीक्षेनंतर मिळालेल्या प्रॅक्टिस प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजली, म्हणून दोन वर्षं. निकालात स्पष्ट म्हटलंय की अनुभव तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरायचा, कारण बारची परीक्षा दरवेळी वेगवेगळ्या काळात होते. मी तोंडी सांगितलं. "तसं परिपत्रक आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी निकालाची प्रत नेली, ते पान उघडून खाली रेघ मारली आणि सोबत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पोच घेतल्यावर कागद हलला, तोही दोन आठवड्यांनी. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या. तोंडी बोलण्यात माझे चार दिवस गेले.

दुसरा आक्षेप खरा होता, म्हणून जास्त लागला. "तुमच्या नावाची वकीलपत्रं दाखवा, वर्षवार."

वकीलपत्र म्हणजे पक्षकार आपला वकील नेमतो तो कागद. आमच्या ऑफिसात त्याचे छापील फॉर्म आहेत आणि त्यावर फक्त सरांचं नाव आहे. कारकून काका पक्षकाराची सही घेतात, वकील कल्याण निधीचं (वेल्फेअरचं) तिकीट लावतात, सर सही करतात आणि कागद दाखल होतो. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. माझं नाव घालायला कुणी सुचवलं नाही आणि मीही मागितलं नाही. सर सत्र न्यायालयात (सेशन्सला) असले की खालच्या कोर्टात मीच उभी राहायचे. दीडशेच्या आसपास प्रकरणांत मी काम केलं असेन. त्यातली माझ्या सहीची वकीलपत्रं निघाली एकोणीस.

मग वाटलं, रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, तर आहे. रोजनामे काढून पाहिले. पानामागून पान "आरोपीचे वकील हजर". वकील कोण, ते लिहिलेलंच नाही. ज्या दिवशी ताप अंगात असताना मी दुपारी चारपर्यंत बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, संपायची वाट पाहिली होती, त्या दिवसाचीही तेवढीच ओळ.

शेवटी उपयोगी पडल्या त्या साक्षी. साक्षीदाराचा जबाब नोंदवताना उलटतपास कोणत्या वकिलाने घेतला, ते नावानिशी लिहितात. माझे अकरा उलटतपास निघाले. शिवाय मी स्वतःच्या सहीने दिलेले हजेरी माफीचे, मुदतीचे अर्ज. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केस स्टेटसमध्ये वकिलाच्या नावाने शोधता येतं, पण माझ्या नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारे पडलं होतं. नोंदणी क्रमांकाने शोधल्यावर आणखी काही प्रकरणं सापडली.

तरी २०२२चं काहीच नव्हतं. पहिले काही महिने मी फायली उचलत होते आणि तारखा डायरीत उतरवत होते. फक्त एक प्रकरण आठवलं. माझ्याच गावच्या एका काकांचं चेक बाउन्सचं, नोव्हेंबर २०२२. "पोरीलाच वकील कर" असं त्यांनी हट्टाने सांगितलं होतं, म्हणून वकीलपत्र माझ्या एकटीच्या नावाचं. लोकअदालतीत तडजोड होऊन ते मिटलं होतं, म्हणजे कागद अभिलेख कक्षात. नकलेचा अर्ज दिला. आठवड्याने कळलं, बस्ता, म्हणजे जुन्या फायलींचं गाठोडं, सापडत नाही. पुन्हा गेले, साहेब रजेवर. पुन्हा गेले, तर तिथल्या एका शिपाई मावशींनी स्वतः दोन बस्ते सोडून पाहिले आणि तिसऱ्यात ते प्रकरण निघालं. वकीलपत्रावर माझी सही होती, नवी, प्रत्येक अक्षर सुटं काढलेली. मी तिथेच बाकावर बसले. त्या मावशींना चहा नको होता, म्हणाल्या, "जज झालात की या."

वर्षवार तक्ता केला, प्रत्येक ओळीसमोर प्रकरण क्रमांक आणि नक्कल लावली. त्यानंतर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांचं पृष्ठांकन चार दिवसांत आलं.

हे फक्त या परीक्षेपुरतं नाही. वकिलीत पुढची जवळजवळ प्रत्येक संधी वर्षं मोजते. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला सात वर्षं. नोटरीसाठी दहा, महिलांना सात. नाल्साच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, २०२२च्या योजनेतले लोक अभिरक्षक, म्हणजे आरोपींना मोफत बचाव देणारे वकील, बघा. सहायक पदावर नवीन वकिलांना घेतात, पण उपमुख्य आणि मुख्य पदासाठी सात आणि दहा वर्षांची फौजदारी वकिली लागते, आणि सत्र न्यायालयात चालवलेले खटलेही मोजतात. तेव्हा कुणी "मी सरांसोबत होतो" एवढ्यावर समाधान मानणार नाही.

म्हणून ज्युनिअर म्हणून रुजू होताना पैशांबरोबर नावाचंही बोला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या वकिलांना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना विद्यावेतन द्यावं असं सुचवलं, पण ते बंधनकारक नाही. मला पहिल्या वर्षी तीन हजार मिळत होते आणि तेवढ्यावर मी भांडू शकले नाही. वकीलपत्रावर दुसरं नाव घालायला मात्र कुणाचा एक रुपया जात नाही. एका वकीलपत्रावर एकापेक्षा जास्त वकील सही करू शकतात. ज्यांना तोंडाने मागायला संकोच वाटतो त्यांनी फॉर्म लिहिताना हातात घेऊन विचारावं, "सर, खाली माझंही नाव लिहू?" आमच्या सरांनी एकदाही नाही म्हटलं नसतं, हे मला आता कळतं.

हजर राहताना रोजनामा लिहिणाऱ्यांना आपलं नाव सांगा. उलटतपासाच्या नकला त्याच महिन्यात काढून ठेवा, प्रकरण निकाली निघाल्यावर त्या शोधणं किती अवघड होतं ते वर लिहिलंच आहे. माझी एक मैत्रीण उच्च न्यायालयात न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क, म्हणजे कायद्याचं संशोधन करणारी साहाय्यक, आहे. तिला वाटत होतं तिची वर्षं वाया गेली, पण निकालात लॉ क्लर्कचा काळही धरायला सांगितलाय.

एक राहिलंच. सनदेवर जे नाव आहे तेच सगळीकडे वापरा. मी लग्नानंतर काही अर्जांवर सासरचं आडनाव घातलं होतं, त्या सहा अर्जांसाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

गेल्या सोमवारी ऑफिसात वकीलपत्रांचे नवे फॉर्म छापून आले. सरांच्या नावाखाली दोन रिकाम्या ओळी आहेत. पहिल्या फॉर्मवर नुकत्याच आलेल्या ज्युनिअरचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं आणि सहीसाठी तिच्यापुढे सरकवलं.