मोशेने तेज मागितले, देवाने चांगुलपण दाखविले

गुरुवार, रात्र

आज दिवसभर पवित्र शास्त्रातील निर्गम ह्या पुस्तकाचा ३४वा अध्याय मनातून हलला नाही. परमेश्वराने आपला स्वभाव स्वतःच्या तोंडून इतक्या विस्ताराने सांगितला तो येथे, आणि तो कोणत्या वेळी सांगितला हे ध्यानात आले की मी दरवेळी त्या ओळींपाशी थबकते. सीनाय पर्वतापाशी झालेला करार अजून ताजा होता, आणि तेवढ्यात इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू ओतून त्याच्यापुढे नाचायला सुरुवात केली होती; त्यांचा पुढारी मोशे ह्याने संतापून देवाच्या आज्ञांच्या पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्या होत्या. माणसामाणसांत असे घडले असते, तर बोलणेचालणे कायमचे तुटले असते. मोशे मात्र ह्याच सुमारास ‘तुझे तेज मला दाखव’ अशी विनवणी करतो, आणि देव सांगतो की, मी आपले सर्व चांगुलपण तुझ्यापुढून जाऊ देईन.

मग खडकाच्या कपारीत उभ्या असलेल्या मोशेसमोरून जाताना परमेश्वर आपले नाव घोषित करतो. तो दयाळू व कृपाळू आहे, मंदक्रोध म्हणजे लवकर न रागावणारा आहे, दया आणि सत्य त्याच्या ठायी विपुल आहेत, हजारो जणांवर तो दया करतो, अन्याय व अपराध ह्यांची क्षमा करतो. परंतु अपराध्याला तो निर्दोष म्हणून मुळीच सोडत नाही आणि वडिलांच्या अन्यायाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचवितो. एका बाजूला हजारो, दुसऱ्या बाजूला तीन-चार पिढ्या. दयेला आरंभी स्थान मिळाले आहे आणि तिच्यासाठी शब्दही अधिक खर्च झाले आहेत, तरीही न्यायाचे वाक्य गाळलेले नाही. देवाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर हा क्रम आणि हे प्रमाण दोन्ही जपले पाहिजे, असे मला फार मनापासून वाटते.

वडिलांनी एकदा दिलेला शब्द मुले अडचणीच्या वेळी त्यांच्यापुढे मांडतात, तसे पुढे ह्या वचनाचे झाले. गणना ह्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात लोक कनान ह्या वचनदत्त देशात जायला घाबरून बंड करतात, तेव्हा मोशे हेच शब्द परमेश्वरापुढे ठेवून क्षमा मागतो. क्षमा मिळते, पण ती बंडखोर पिढी तो देश पाहू शकत नाही आणि ४० वर्षे रानात जातात. स्तोत्रे ८६, १०३ आणि १४५, योएल संदेष्ट्याची हाक, नहेम्याच्या काळातील कबुलीची प्रार्थना, सगळीकडे हा सूर आहे.

निनवे नगरीला इशारा द्यायला देवाने पाठविलेल्या योना संदेष्ट्याने मात्र त्याच वचनाची तक्रार केली. निनवे पश्चात्ताप करते, देव शिक्षा मागे घेतो, आणि संदेष्टा रागावून म्हणतो की, तू मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी निनवेला न जाता तार्शीशाकडे पळालो. योनाकडे हट्टी माणूस म्हणून पाहणे सोपे आहे. पण निनवे ही अश्शूरांची नगरी होती, आणि त्याच अश्शूरांनी पुढे इ.स.पू. ७२२ मध्ये इस्राएलाची राजधानी शोमरोन पाडून त्याचे लोक देशोधडीला लावले. अशा लोकांवरची दया सहज पचणारी नव्हती.

हे आज मला कळले ते मंडळीतल्या एका मावशींमुळे. यजमान गेल्यावर दिराने घराचा आणि जमिनीचा वाटा आपल्या नावे करून घेतला, आणि तेव्हापासून त्या दोन खोल्यांत राहून शिवणकाम करतात. प्रार्थनासभा संपल्यावर मी शिलाईयंत्राशेजारी बसले असता त्या म्हणाल्या, “देव मंदक्रोध आहे, हे त्यांच्यासाठी चांगलं आहे गं. माझ्यासाठी काय?” हा प्रश्न अविश्वासाचा आहे असे मला क्षणभरही वाटले नाही. गांजलेल्या माणसाने स्तोत्रकर्त्यांच्या तोंडचाच प्रश्न विचारला होता.

मी त्यांना नहूम संदेष्ट्याचे पुस्तक काढायला सांगितले. त्यांच्या पवित्र शास्त्रातील ती पाने सोनेरी कडेला अजून एकमेकांना चिकटलेली होती. मावशींनी कात्रीच्या बोथट टोकाने ती हळूच मोकळी केली. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात तेच शब्द आहेत, परमेश्वर मंदक्रोध आहे, पण तेथे त्यांना जोडून त्याच्या महान सामर्थ्याचा उल्लेख येतो आणि तो दोषी माणसाला सोडणार नाही हेही येते. योनाने जो भाग उच्चारला नव्हता, तो नहूम उच्चारतो, आणि तोही त्याच निनवेविषयी. योनाचा काळ आणि निनवेचा पाडाव ह्यांमध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली, इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेलच्या व मेद्यांच्या फौजांनी ती नगरी धुळीला मिळविली. एवढा अवधी देवाने दिला, आणि दिलेला अवधी म्हणजे विसर नव्हे, हे मावशींना मला दाखवायचे होते. त्यांचे बोट मात्र सातव्या वचनावर थांबले. तेथे नहूम सांगतो की, परमेश्वर चांगला आहे, संकटकाळी तो आश्रयदुर्ग आहे. मोशेला दाखविलेले चांगुलपण त्या भयंकर अध्यायाच्या मधोमध होते, आणि ते माझ्याआधी मावशींना सापडले.

घरी परतल्यावर मी योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला. देही झालेला शब्द, म्हणजे प्रभू येशू, अनुग्रह व सत्य ह्यांनी परिपूर्ण आहे, असे योहान लिहितो. सीनायवरच्या घोषणेतील दया आणि सत्य येथे चालत्याबोलत्या माणसात दिसतात. मोशेला देवाची केवळ पाठ पाहता आली, परंतु प्रभू येशूने पित्याला प्रकट केले. दया आणि न्याय ह्यांची सांगड कशी बसते, ह्याचे उत्तर मला वधस्तंभाखेरीज कोठेही मिळालेले नाही. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, देवाने पूर्वीची पापे सहनशीलतेने सोसली होती, आणि ख्रिस्ताच्या रक्ताद्वारे त्याने आपले नीतिमत्त्व प्रकट केले, ते अशासाठी की त्याने स्वतः न्यायी असावे आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवावे. पाप तेथे दुर्लक्षिलेले नाही. त्याची किंमत देवाने आपल्या पुत्रामध्ये स्वतः सोसली आहे. दिराने पश्चात्ताप केला, तर त्याच्यासाठीही हेच दार उघडे आहे. मावशींपुढे हे बोलण्याआधी मला बरीच प्रार्थना करावी लागेल, कारण त्यांचा वाटा त्यांना अजून मिळालेला नाही, आणि तो मिळावा ह्यासाठी वकिलाकडे जाणे हेही न्यायी देवाला मान्य असलेलेच काम आहे.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. त्या दिराची नातवंडे शाळा सुटल्यावर त्यांच्याकडेच खेळायला येतात. तिसरी-चौथी पिढी म्हणजे हीच लेकरे का? यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. पुढच्या गुरुवारी तो अध्याय आणि निर्गमातील हे वचन आम्ही शेजारी ठेवून वाचणार आहोत.